रोसेन्दाचा अंगठा

माझ्या बहिणीचा उजवा अंगठा तपकिरी होता. आयोडीनने झाला होता तो तसा. आमच्या चावारपाता गावात जे कुणी आज धडधाकट हिंडतंय, त्याच्या बेंबीवर कधी ना कधी तो अंगठा टेकलेला आहे. नाळ कापायची, दोऱ्याने घट्ट बांधायची, बाटलीत अंगठा बुडवायचा आणि बेंबीभोवती दाबून फिरवायचा. पोर किंचाळलं की रोसेन्दा म्हणायची, "रड, रड! आता तू या गावाचा झालास." बाळंतपण नसलं तरी बाटली काही कपाटात राहायची नाही. शेळीच्या खुराला, पोरांच्या फुटलेल्या गुडघ्याला, नवऱ्याच्या टकलावरच्या पुळीला, सगळ्याला आयोडीन. नवरा गेला बिचारा, पण पुळीने नाही.

मी लास्तेनिया, तिची धाकटी बहीण. मी पाव भाजते. लग्न केलं नाही, कारण ज्याने विचारलं त्याला मी हाकलून दिलं आणि ज्याने विचारायला हवं होतं त्याला सुचलं नाही. भट्टी माझी, घर दोघींचं, आणि घरातला शब्द रोसेन्दाचा.

तिच्या आयोडीनच्या वेडाला मी कितीही हसले तरी त्याचं मूळ मला ठाऊक आहे. आमच्या आईला गलगंड होता. चांगला पपईएवढा. गळ्यात मण्यांची माळ घातली की ती गाठीवर आडवी पडायची. तेव्हा गावात गलगंड नसलेली बाई शोधावी लागे, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नसे. मीठ डोंगरातल्या झऱ्याचं, करडं, ढेकळासारखं. आणि त्या आयांच्या पोटी अधूनमधून एक 'उपा' जन्मायचा. उपा म्हणजे जो बोलत नाही, ऐकत नाही, वाढत नाही. आमचा थोरला भाऊ अबेलिनो उपा होता. मिशा फुटल्या तरी उंची आठ वर्षांच्या पोराची. जीभ ओठांत मावायची नाही. आयुष्यभर तो आमच्या भट्टीच्या उबेला बसला आणि तिथेच बसल्या बसल्या एके दिवशी गेला. आई मात्र त्याचं कौतुक सांगताना थकायची नाही. "तुम्ही दोघींनी माझा जीव खाल्ला. माझ्या अबेलिनोने मला एक रात्र जागवलं नाही. सगळ्यांत गुणाचं बाळ ते."

मग सरकारची माणसं खेचरांवरून आयोडीनचं मीठ घेऊन आली. त्यांनी रोसेन्दाला सुईणीचं काम शिकवलं, हातात कात्री दिली आणि ती बाटली दिली. काही वर्षांत गलगंड गेले, उपा जन्मायचे थांबले. तेव्हापासून रोसेन्दाचे देव दोन. एक चर्चमधला, एक बाटलीतला. त्यातल्या दुसऱ्यावर तिची श्रद्धा जास्त.

तर अशा बाईपुढे डॉक्टर विवेरो येऊन उभी राहिली. समुद्राकाठची पोर, नुकती शिकून बाहेर पडलेली, सक्तीचं एक वर्ष डोंगरात काढायला आलेली. अंगावर घोंगडीसारखे दोन पोंचो, त्यांच्या आत स्वेटर, तरी दात वाजतायत. किनाऱ्यावरच्या लोकांना आम्ही माकडं म्हणतो. ही थंडीने काकडलेली माकडीण आहे असं पहिल्याच आठवड्यात ठरून गेलं. तिचं काम म्हणजे नव्या बाळाच्या टाचेला सुई टोचायची, रक्ताचे थेंब जाड कागदावर घ्यायचे आणि शहरात पाठवायचे. तिकडून आकडा यायचा. आकडा वर असला तर बाळाच्या गळ्यातली थायरॉईड ग्रंथी काम करत नाही असा संशय.

आला की आकडा वर. एकदा नाही, दोनदा. एक तोआपांताचा नातू, दुसरी क्लेमेन्सियाची नात. दोन्ही वेळा ओल्या बाळंतिणीला उठवून, गावच्या मेसियासच्या पिकअपमध्ये बसवून, धुक्यातून शहरात नेलं. चाळीस दिवस जिने दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, वारा अंगावर घ्यायचा नाही, तिला! तोआपांताच्या सुनेचं तर दूधच आटलं. आणि शहरात पुन्हा टोचलं तर दोन्ही पोरं ठणठणीत.

डॉक्टरने शोध लावला तो मग. गावच्या सभेत उभी राहून म्हणाली, "बेंबीला आयोडीन लावता ना, ते बाळाच्या कातडीतून आत जातं. बाळ एवढंसं, आयोडीन एवढं. गळ्यातली ग्रंथी काही दिवस रुसून बसते आणि आपल्याला वाटतं की ती बिघडलीच आहे. बेंबीला काही लावू नका. उकळलेलं पाणी, स्वच्छ कापड, बस. मामिता रोसेन्दा, मी तुम्हालाच सांगतेय."

सगळ्या गावाच्या माना रोसेन्दाकडे वळल्या. ती हळूच उठली. शालीतून हात बाहेर काढला आणि तो अंगठा डॉक्टरसमोर धरला.

"हा बघ, पोरी. तू जन्मायच्या आधीपासून असा आहे. मला पेटीत घालून पुरतील तेव्हा आयोडीन बंद. तोवर तू तुझ्या टाचा टोच, मी माझ्या बेंब्या बघते."

काय हशा पिकला! मेसियासने तर टोपी उडवली. डॉक्टरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला तिची थोडी दया आली, पण हसले मीही. रोसेन्दा घरापर्यंत मान ताठ ठेवून चालली. घरात शिरल्यावर जेवली मात्र कमी. मला वाटलं, विजयाने पोट भरलं असेल.

त्या सभेनंतर गावातलं पहिलं बाळंतपण आमच्याच घरचं होतं. रोसेन्दाचा मुलगा सेगुंदो, त्याची बायको यादिरा, पहिलटकरीण. दिवस उलटून गेले तरी बाळ येईना. आलं तेव्हा चांगलं भरलेलं आलं, मुलगी. मी बाहेर पाणी उकळत होते. आत नाळ कापल्याचं मला कळलं, पण नेहमीची किंकाळी काही ऐकू आली नाही. नुसता एक घोगरा आवाज, म्हाताऱ्या मांजरासारखा, आणि मग शांत.

"शहाणं बाळ आहे," आतून रोसेन्दा म्हणाली.

शहाणंच होतं. दुपट्यात गुंडाळून, वरून पट्टा आवळून ठेवलं की तासन्‌तास तसंच. भूक लागली म्हणून रडणं नाही, ओलं झालं म्हणून रडणं नाही. पाजायला उठवावं लागायचं, आणि पिता पिता झोपायचं. बघायला येणारी प्रत्येक बाई जिवंत कोंबडी घेऊन यायची आणि हेच म्हणून जायची, की यादिरा, नशीब काढलंस गं. दृष्ट लागू नये म्हणून मनगटाला लाल दोरा बांधलेला होताच. रंग जरा पिवळट होता, पण कावीळ बाळांना होतेच, उन्हात धरा म्हणाल्या. डॉक्टर येऊन टाच टोचून गेली. तेव्हाही पोरीने नुसतं तोंड वाकडं केलं.

नंतर एका दुपारी डॉक्टर चढ चढून धापा टाकत स्वयंपाकघरात आली. आत गर्दी होती. चुलीवर कोंबडीचं सूप, पायांत गिनीपिगांची पळापळ, पाटांवर क्लेमेन्सिया आणि आणखी तीन बायका, कोपऱ्यात सेगुंदो बटाट्याची बी निवडत बसलेला. पलंगावर यादिरा, डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर ते गाठोडं.

"आकडा आला," डॉक्टर म्हणाली. "वर आहे. खूप वर. उद्याच शहरात जायला हवं."

मग क्लेमेन्सिया खिदळली. "आलं बाई टाचेचं भूत! आता या घरात आलं!"

"दोक्तोरा," सेगुंदो बी हातात तशीच धरून म्हणाला, "तोआपांताकडे हेच सांगितलंत. क्लेमेन्सिया काकूंकडे हेच. माझ्या बायकोला आता चाळीस दिवस तरी उठवायचं नाही. बाहेर पाऊस बघा."

"पण हा आकडा त्या दोघांपेक्षा..."

"आयोडीनच असणार ते," दुसरी बाई म्हणाली. "आजीने नातीला दुप्पट लावलं असेल, लाडाचं!"

सगळ्या हसल्या. डॉक्टर नाही हसली. ती रोसेन्दासमोर जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू, जवळजवळ विनवणी केल्यासारखं म्हणाली, "मामिता, मला फक्त एवढं खरं सांगा. मी रागावणार नाही. या बाळाला आयोडीन लावलंत का?"

रोसेन्दा सूप ढवळत होती. तिने मान वर केली नाही.

"लावलं. मग काय तुला विचारून लावायचं होतं?"

बायकांनी टाळ्या पिटल्या. डॉक्टरने डोळे मिटले. तिला राग आला होता आणि सुटल्यासारखंही वाटलं होतं, दोन्ही एकदम तोंडावर दिसत होतं. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग थांबता येईल. आता एक थेंबही लावू नका. मृतांचा सण झाला की सोमवारी मी पुन्हा टोचते. तेव्हाही वर आला तर मी कुणाचं ऐकणार नाही." सूप पिऊन जा म्हटलं तर थांबली नाही.

सणाला आमच्याकडे पावाची बाळं करतात. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाच्या आकाराचा पाव, वर साखरेच्या रंगाने डोळे, तोंड, पट्ट्याच्या रेघा. लोक ती स्मशानात नेतात, कोलादा म्हणजे जांभळ्या मक्याचं गोड, दाट पेय घेऊन कबरींपाशी बसतात, आपल्या मेलेल्यांबरोबर खातात. वर्षभराची माझी सगळ्यांत मोठी भट्टी ती. सणाच्या दिवशी सकाळी शेवटच्या घाण्याला माझी पीठ मळणारी बाई आली नाही, आणि परातीत पिठाचा डोंगर. मी एकटीच शिव्या देत मळत होते, तर रोसेन्दा आली, बाह्या वर केल्या आणि पिठात हात घातला.

"हात काढ!" मी ओरडले. "पावाला दवाखान्याचा वास येईल! दर वर्षी सांगायचं का तुला?"

दर वर्षी सांगावं लागायचंच. तिच्या अंगठ्यामुळे तिला माझ्या पिठाला बंदी होती. पण या वेळी तिने हात काढला नाही, मळत राहिली. मी तिचं मनगट धरून हात बाहेर ओढला आणि बघतच राहिले. अंगठा पांढरा होता. पिठाने नव्हे, मी पुसून बघितला. नखाच्या कडेलासुद्धा डाग नाही. म्हातारीचा साधा, सुरकुतलेला, फिका अंगठा. वास घेतला. पिठाचा वास.

रोज बघितलेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

"न्यान्या, ताई गं," मी म्हटलं, "हा कधीपासून असा आहे?"

"पीठ आंबेल. मळ."

"कधीपासून, रोसेन्दा?"

ती पिठाच्या पोत्यावर बसली, जिथे अबेलिनो बसायचा त्याच्या शेजारीच. बराच वेळ हातावरचं पीठ खरवडत राहिली.

"सभेपासून," ती म्हणाली. "घरी आले आणि मनात आलं, की समजा पोरगी खरं बोलत असेल? तोआपांताच्या सुनेचं दूध आटलं ते माझ्यामुळे असेल? आता नात येणार. तिला या हाताने धरायचं. म्हणून बाटलीला हातच लावला नाही. ना शेळीला, ना कशाला. यादिराच्या वेळी उकळलेलं पाणी आणि स्वच्छ कापड. तिने सांगितलं होतं तसं."

"मग परवा लावलं असं का म्हणालीस?"

"त्या साळकाया बसल्या होत्या ना तिथे!" ती एकदम उसळली. "क्लेमेन्सिया दात काढून बसली होती. पेटीत घालतील तेव्हा बंद करीन म्हणाले होते मी, साऱ्या गावासमोर. आणि आता काय सांगू, की त्या काकडलेल्या पोरीचं मी निमूट ऐकलं म्हणून?"

मला हसूही येईना आणि रागही आवरेना. माझी बहीण अशीच आहे. चांगलं काम चोरून करील आणि वाईटपणा चारचौघांत मिरवील. पण मग पुढचा विचार माझ्या डोक्यात आला. आयोडीन लावलंच नव्हतं, तर आकडा वर गेला कशाने?

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. तिच्या डोक्यात हे माझ्या आधीच येऊन बसलं होतं, ते तिच्या डोळ्यांतच दिसत होतं.

"लास्ते, तिची टाळू केवढी उघडी आहे माहितेय? माझी तीन बोटं बसतात. मागची टाळूसुद्धा अजून भरलेली नाही. शी दोन-दोन दिवस होत नाही. जीभ..." ती थांबली. "मला वाटलं, मोठं बाळ आहे, जीभ मोठी असेल. मी म्हणत राहिले, शहाणी आहे, शहाणी आहे."

तेवढ्यात यादिराने दारातून डोकावलं. बाळंतिणीला भट्टीपर्यंत तेवढी मुभा होती, उबेसाठी. गाठोडं छातीशी, चेहरा झोप पूर्ण झाल्यासारखा टवटवीत.

"तुम्ही दोघी सकाळी सकाळी भांडताय?" ती हसून म्हणाली. "आणि ही बघा, हूं की चूं नाही. खरंच मामिता, हिने मला अजून एक रात्र जागवलं नाही."

तिला बिचारीला काय ठाऊक. अबेलिनो तिने कधी बघितला नव्हता. पण माझ्या कानात आईचा आवाज घुमला, अक्षर अन् अक्षर तेच, आणि रोसेन्दाच्याही कानात तोच घुमला असणार, कारण ती तशीच पोत्यावरून उठली, हात न धुताच शाल ओढली आणि चालू पडली.

मी भट्टी तशीच टाकून तिच्या मागे धावले. भट्टीतला घाणा त्या दिवशी कोळसा झाला.

दवाखान्याला कुलूप होतं. डॉक्टर स्मशानात होती. सारं गावच स्मशानात होतं. कबरी झाडलेल्या, वर फुलं, चादरी पसरलेल्या, मक्याचे उकडलेले दाणे, भाजलेले गिनीपिग, जांभळ्या ओठांची पोरं. डॉक्टरला तोआपांतांनी आपल्या कबरीपाशी बसवून घेतलं होतं. तिच्या हातात कोलादाचा पेला होता. मला वाटलं, रोसेन्दा तिला बाजूला घेईल, कानात सांगेल. कुणाला कळायचं कारण नव्हतं.

रोसेन्दा सरळ मधल्या वाटेवर उभी राहिली. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. आवाज तिचा मुळातच मोठा.

"डॉक्टर! मी खोटं बोलले. माझ्या नातीला आयोडीन लावलेलं नाही. एक थेंबसुद्धा नाही."

गिळता गिळता लोक थांबले. क्लेमेन्सियाच्या हातातला पाव तोंडाशी तसाच राहिला.

डॉक्टर उठली. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "का नाही लावलंत?" ती म्हणाली. मला वाटतं तिला दुसरं काहीतरी विचारायचं होतं, पण तोंडातून तेच आलं.

"तू सांगितलंस म्हणून," रोसेन्दा म्हणाली.

आणि मग सगळ्यांसमोर तिला रडू फुटलं. नवऱ्याच्या मातीला न रडलेली बाई. डॉक्टरने पेला टाकला आणि तिला धरलं. दोन पोंचोंच्या घोळात माझी बहीण दिसेनाशी झाली. फक्त तिचे पिठाचे हात डॉक्टरच्या पाठीवर दिसत होते.

त्यानंतर कुणी हसलं नाही. सेगुंदो आईशी वाद घालायला तोंड उघडणार होता, तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मेसियास प्यायलेला होता, तेव्हा पिकअपची चावी डॉक्टरने त्याच्या खिशातून काढून घेतली आणि स्वतः चालवायला बसली. किनाऱ्यावरची माकडीण, आमच्या घाटात, पावसात! यादिराला बाळासकट तीन घोंगड्यांत गुंडाळून आत घातलं, आणि आम्ही दोघी बहिणी शेजारी चढलो. वाटेत डॉक्टरने एकदाच विचारलं, की टाळू, शी, जीभ, हे आधी का नाही सांगितलंत. रोसेन्दा म्हणाली, "लावलं म्हणून बसले होते ना. मग पुढचं कुठल्या तोंडाने सांगू?" डॉक्टर म्हणाली, "मीही दुपटं सोडून बघायला हवं होतं."

शहरात पुन्हा रक्त घेतलं आणि लागलीच औषध सुरू केलं. यंत्राने गळा तपासला. मग तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सांगितलं, की हिच्या गळ्यात ती ग्रंथीच नाही. पोटात असताना ती जिभेच्या मुळाशी तयार होते आणि खाली गळ्यात उतरून बसते. कुणाची वाटेतच अडकते, कुणाची एकच बाजू तयार होते. हिची तयारच झाली नाही. हजारो बाळांत एखाद्याचं असं होतं. कुणाचा दोष नाही, मिठाचा नाही, आईच्या खाण्याचा नाही, दृष्टीचा नाही.

रोसेन्दा म्हणाली, "आख्खं आयुष्य मी ती गाठ मोठी झालेली बघितली. आईची बघितली, शेजारणींची बघितली. मुळात नसतेच असं कधी ऐकलं नव्हतं." मग थोड्या वेळाने, अगदी लहान आवाजात, "आणि आयोडीन? आता लावलं तर?"

"हिला त्याचा काही उपयोग नाही, मामिता," विवेरो म्हणाली. "ते पिणारं कुणी तिथे नाहीच."

"म्हणजे अबेलिनोसारखी?"

कोण अबेलिनो ते मी सांगितलं. मोठे डॉक्टर ऐकून म्हणाले की त्याचं कारण वेगळं होतं, हिचं वेगळं, पण औषधाशिवाय राहिली असती तर वाट तिकडेच गेली असती. आता रोज सकाळी एक गोळी, चुरून, चमचाभर आईच्या दुधात. रोज, जन्मभर. "अजून वेळेत आलात," ते म्हणाले. "आणखी महिनाभर शहाणी म्हणत बसला असतात तर मला हे म्हणता आलं नसतं."

गावात परतल्यावर गोळी चुरायचं काम रोसेन्दाने स्वतःकडे घेतलं. त्याच अंगठ्याने, चमच्यात दाबून. यादिराला हात लावू द्यायची नाही. गोळी दिली की बाळाच्या तोंडाकडे बघत बसायची, काहीतरी लगेच व्हावं तशी. मी म्हणायची, "अगं, गोळी आहे ती, फटाका नाही." आयोडीनची बाटली तिने माझ्या भट्टीवर आणून ठेवली, भाजलं तर लाव म्हणून. गावातल्या बायका तिला टोमणे मारतील असं मला वाटलं होतं. मारले नाहीत. क्लेमेन्सिया एकदा कोंबडी घेऊन आली, ठेवली आणि काही न बोलता गेली. तिच्यासाठी ते फार झालं.

बाळाची कावीळ ओसरली. जीभ आत गेली. पिता पिता झोपायची ती आता पिऊन झाल्यावरही आईला सोडेना. आवाज अजून घोगराच होता, पण येऊ लागला होता.

एका सकाळी मी पाव काढत होते. रोसेन्दा भट्टीशी बसून गोळी चुरत होती. यादिरा आली ती पाय आपटतच. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, आणि हातात ते गाठोडं. पट्टा सुटलेला, दोन्ही मुठी बाहेर, तोंड लालबुंद, आणि त्या तोंडातून असा काही आक्रोश, की भट्टीखालचे गिनीपिग कोपऱ्यात पळाले.

"घ्या हिला!" यादिरा ओरडली. "घ्या तुमच्या नातीला! डोळ्याला डोळा नाही. जरा खाली ठेवलं की किंचाळते. मामिता, हिने मला काल रात्रभर जागवलं!"

गोळी सांडू नये म्हणून रोसेन्दाने चमचा दोन्ही हातांनी धरला. डोळे भरून आले होते आणि ती हसत होती.

"काय म्हणालीस?" ती म्हणाली. "ऐकू नाही आलं मला. पुन्हा सांग ना गं."

यादिराने पुन्हा सांगितलं, चिडून, आणखी मोठ्याने. मग रोसेन्दाने गोळी पाजली आणि मी तिघींसाठी कॉफी ठेवली.